दाद : दिलेली आणि मागितलेली

मराठीत ‘दाद’ हा शब्द दोन क्रियापदांबरोबर येतो आणि दोन वेगळे अर्थ घेतो. तानेला आपण दाद देतो. अन्याय झाला की न्यायासनापुढे दाद मागतो. शब्द फारसीतून आलेला आहे आणि तिथे त्याचा अर्थ न्याय असा आहे. रसिकतेचा अर्थ त्याला न्यायाच्या अंगानेच चिकटला असावा : कलाकृतीला तिचे देणे चुकते करणे. दुसऱ्यांच्या वेशभूषेचे, अलंकरणाचे घाट उचलणे हे केव्हा कौतुक ठरते आणि केव्हा बळकावणे, या प्रश्नाचा विचार करताना शब्दाची ही दुपेडी घडण मला महत्त्वाची वाटते. कौतुक किती मनापासूनचे आहे याने प्रश्न सुटत नाही. दाद देणाऱ्याला दाद मागणारा दिसतो की नाही, हे पाहावे लागते.

२२ जून २०२५ रोजी मिलान येथे प्राडा या इटालियन फॅशनसंस्थेने पुरुषांच्या पोशाखांचे जे प्रदर्शन भरवले, त्यात कोल्हापुरी चपलेच्या घाटाची पादत्राणे होती. त्यांचे वर्णन केवळ चामड्याच्या सँडल असे होते. कोल्हापूरचा काय, भारताचाही उल्लेख नव्हता. रोलां बार्थ याने फॅशनव्यवस्थेवरील आपल्या १९६७ च्या ग्रंथात प्रत्यक्षातले वस्त्र आणि शब्दांतले वस्त्र असा भेद केला आहे. फॅशन घडते ती शब्दांतल्या वस्त्रात. मिलानमध्ये घाट घेतला गेला आणि शब्द गाळला गेला, म्हणजे नेमकी अर्थाची जागाच मोकळी करून घेतली गेली. पुढे ओरड झाली आणि महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पाठवलेल्या पत्रात कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. एवढा भाग सर्वांना ठाऊक आहे.

मला त्या ओरडीतील ‘आमची’ या सर्वनामाविषयी लिहायचे आहे. ‘आमची कोल्हापुरी’ असे म्हणणाऱ्या सुशिक्षित मराठी माणसाने ती चपल केव्हा आणि कशी आपली केली? कातडे कमावणारा ढोर आणि चपल शिवणारा चांभार यांच्या हातून ती घडली. बाभळीची साल, हिरडा, कातड्याचीच वादी, खिळ्यावाचून होणारी जोडणी हे सारे ज्ञान त्यांचे. त्या ज्ञानाला गावाने वेशीकडची वस्ती दिली. वहाणेची जागा पायातच, असे बजावणारी म्हण आपल्या भाषेत आहे आणि ती चपलेविषयी नाही, हे ती वापरणारा प्रत्येक जण जाणतो. वस्तू उंबऱ्यापर्यंत आली, कारागीर आला नाही. तेव्हा मिलानमध्ये घाट कर्त्यापासून विलग झाला हे खरे असले, तरी तो तिथे प्रथमच विलग झाला, असे म्हणण्याचे धाडस आपण करू नये. देशीवादी मांडणीची मर्यादा मला इथेच जाणवते. देशी आणि परकीय अशी फाळणी केली की देशीच्या पोटातली उतरंड दृष्टीआड होते.

मी राहतो त्या शेगावात ही उतरंड एका वेगळ्याच रूपात दिसते. समाधीच्या दर्शनाला येणारा भाविक पादत्राणे बाहेर सोपवतो आणि आत जाऊन पादुकांवर डोके ठेवतो. आळंदी-देहूच्या पालख्यांतही पादुकाच असतात. पादत्राण एकाच वेळी अपवित्रतेची आणि परमपूज्यतेची खूण कसे असू शकते? चिन्हव्यवस्थेच्या भाषेत उत्तर सोपे आहे : अर्थ वस्तूत नसतो, तिच्या संबंधात असतो. पादुकेचा संबंध संताशी, वहाणेचा धुळीशी, मिलानच्या सँडलचा प्राडाशी. तिन्ही संबंधांत कर्त्याचा संबंध मात्र पुसलेला आहे. (बाहेर पादत्राणे सांभाळणारे सेवेकरी ते काम सेवा म्हणून करतात, याला मी या संदर्भात कमी लेखणार नाही. तिथे निदान पादत्राण हाताळणे हलके मानलेले नाही.)

कायद्याने हा पुसलेला संबंध परत आणला काय? अंशतः. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून आहे आणि नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक नसलेल्या याचिकाकर्त्यांना ही दाद मागता येत नाही, असा मुद्दा होता. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबरही असेल. पण त्यातून निघणारे चित्र विलक्षण आहे : चपल शिवणारा शिवतो, मालकी महामंडळाकडे, रोष वाचकवर्गाकडे आणि नफा अन्यत्र.

याचा अर्थ संस्कृती ही कुंपण घातलेली मालमत्ता आहे, असा मी काढत नाही. तसे मानले तर ‘कोल्हापुरी’ हे नावच अथणी-निपाणीच्या कारागिरांवर अन्याय करते, कारण त्यांचे काम शेजारच्या पेठेच्या नावाने विकले जाते. ज्या ‘दाद’ शब्दावर हा लेख उभा आहे, तोही उसनाच आहे. उसनवारीवाचून भाषा नाही, वेश नाही. उसने घेणे आणि उचलणे यांत मराठी भेद करते. उसन्यात देणाऱ्याची आठवण आणि परतीचे ओझे असते. आणि ‘उचल्या’ हा शिक्का मात्र ज्यांच्या जगण्यावर बसला, त्यांची कहाणी लक्ष्मण गायकवाडांच्या १९८७ च्या आत्मकथनाने आपल्याला वाचायला लावली. घाट उचलणाऱ्याला आपण ‘प्रेरित’ म्हणतो, हा शब्दभेदही वर्गाचाच आहे.

परतीचे ओझे पत्करणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण पादत्राणांच्याच इतिहासात आहे. दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर गांधी चपला शिवायला शिकले, ते हर्मन कॅलनबाख यांच्याकडून. कॅलनबाख शिकले ट्रॅपिस्ट ख्रिस्ती मठात. १९१४ मध्ये तो देश सोडताना गांधींनी स्वतः शिवलेला जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला आणि १९३९ मध्ये स्मट्स यांनी तो परत पाठवला. बनिया कुळातल्या माणसाने घाट मिरवला नाही, कातड्याला हात लावला. यात जात संपली असे नव्हे. पण कौतुक कर्त्याच्या बाजूला सरकले आणि श्रमाची लाज अंगावर घेऊन सरकले.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार जाहीर केला. महाराष्ट्र-कर्नाटकात दोन हजार जोड घडवून ते सुमारे ८०० युरोंना विकायचे, असा तो बेत. शब्द परत आला, कामही आले. हे क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. मात्र जोडामागे शिवणाऱ्याच्या हाती किती पडेल, ही चर्चा किमतीच्या चर्चेपुढे फार क्षीण राहिली. त्या मानाने आपल्या महामंडळाने मानांकित चपलांवर क्यूआर कोड लावायला घेतला, ही घटना कमी गाजली. तो लावला गेला नकली मालाला आळा घालण्यासाठी. पण कारागिराचे वा उत्पादन केंद्राचे नाव-गाव त्यात आहे. दुकानात चपल उलटी करून तो कोड वाचणारे गिऱ्हाईक मला अजून आढळलेले नाही.