अकिलीसचे मोठेपण कशात?

इलियड म्हटले की आपल्यापैकी अनेकांना लाकडी घोडा आठवतो. आम्हीही बरीच वर्षे त्याच समजुतीत होतो. काव्य प्रत्यक्ष हाती घेतले तेव्हा कळले, की होमरच्या या 24 सर्गांत त्या घोड्याची गोष्ट नाहीच. ट्रॉय नगर पडतदेखील नाही. दहा वर्षांच्या युद्धातले अखेरच्या वर्षाचे काही आठवडे, एवढाच त्याचा काळ. आणि शेवट होतो तो एका अंत्यविधीने. तोही ग्रीकांच्या वीराचा नव्हे, शत्रूच्या हेक्टरचा. ग्रीक भाषेत, ग्रीकांसाठी रचलेले काव्य शत्रूच्या चितेपाशी येऊन थांबते. मग या काव्यात वीर म्हणायचे कोणाला, आणि का?

नेहमीचे उत्तर ठाऊक आहे. वीर थोर कुळातला असतो, रक्तात कुठेतरी देवांचा अंश असतो. अकिलीसची आई थेटिस ही सागरदेवता. पण तो स्वतः मर्त्य आहे, आणि सारे मोल त्यातच आहे. देवांना मरण नाही, म्हणून त्यांची भांडणे शेवटी पोरखेळ वाटतात. जिवावर उदार व्हायचे तर जीव जाणारा असावा लागतो. अकिलीसपुढे दोन वाटा आहेत. घरी परतून म्हातारपण बघावे आणि विस्मृतीत जावे, किंवा ट्रॉयमध्ये मरावे आणि नाव मागे ठेवावे. या नावाला ग्रीकांचा शब्द क्लेओस, म्हणजे लोकांच्या कानावर पडत राहणारी कीर्ती. गंमत अशी, की ओडिसीमध्ये हाच अकिलीस मृतांच्या लोकात भेटतो तेव्हा म्हणतो, मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या भूमिहीन माणसाच्या घरची मजुरी बरी.

या कीर्तीची किंमत कोण मोजते? अकिलीस आणि सेनापती अगामेम्नॉन भांडतात ते ब्रायसिस या बंदिवान स्त्रीवरून. वीरांच्या लेखी ती लुटीतला मानाचा वाटा. तिचे गाव अकिलीसने लुटले तेव्हा तिचा नवरा आणि तिघे भाऊ एकाच दिवशी गेले. सबंध काव्यात ती एकदाच बोलते, एकोणिसाव्या सर्गात, तेही पॅट्रोक्लसच्या प्रेतापाशी रडताना. भोवतीच्या बायकाही रडतात. होमर सांगतो, वरवर पॅट्रोक्लससाठी, पण प्रत्येकीच्या मनात आपापले दुःख.

आणि थर्सायटीस? एका पायाने लंगडा, खांद्यांत वाकलेला, डोक्यावर चार केस. दुसऱ्या सर्गात तो भर सभेत अगामेम्नॉनला विचारतो, तुला आणखी किती लूट हवी? पहिल्या सर्गात अकिलीस जवळजवळ हेच बोललेला आहे. अकिलीस बोलला त्याचे महाकाव्य झाले. थर्सायटीसच्या पाठीत ओडिसियसने राजदंड हाणला आणि सैनिक हसले. होमरने त्याला कुरूप रंगवले खरे, पण त्याचे बोलणे गाळले नाही. ते हसणारे सैनिकही आमच्या मनातून जात नाहीत, कारण थर्सायटीस त्यांच्याच बाजूने बोलत होता.

हेक्टर पॅट्रोक्लसला मारतो आणि अकिलीसचा संताप सीमा सोडतो. पाया पडणाऱ्या लायकेऑनला तो ठार करतो, मित्राच्या चितेवर बारा ट्रोजन तरुणांचा बळी देतो, हेक्टरचे प्रेत रथाला बांधून फरफटवतो. सुलैमान अल-बुस्तानी यांनी 1904 साली कैरोत इलियडचा अरबी पद्यानुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा दीर्घ प्रस्तावनेत ग्रीक आणि अरबी काव्याची तुलना केली. ती सुचण्यात नवल नाही. टोळीचा अभिमान, मानाचा तंटा आणि खुनाला खून हे जाहिलियाच्या काव्यातले जग इथून फार दूर नाही. बगदादच्या अनुवादकांनी ॲरिस्टॉटल आणि गॅलन अरबीत आणले होते. होमरला मात्र असे थांबावे लागले.

मग चोविसावा सर्ग. म्हातारा राजा प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत येतो आणि आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचे चुंबन घेतो. तुझ्या बापाला आठव, एवढेच मागणे. दोघे रडतात, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. इथे अकिलीस दयाळू झाला असे म्हणण्याची पद्धत आहे. आम्हाला ते भाबडेपणाचे वाटते. कारण पुढे तो दासींना सांगतो, प्रेत प्रायमच्या नजरेआड नेऊन धुवा. मुलाला पाहून म्हाताऱ्याला राग अनावर झाला, तर आपलाही तोल जाईल आणि आपण त्याला मारून टाकू, ही त्याला भीती आहे. ज्या काव्याचा पहिलाच शब्द क्रोध, त्याच्या शेवटी हा माणूस स्वतःचा क्रोध ओळखून त्याच्या वाटेत आडवा उभा राहतो. क्रोध संपलेला नाही. आमच्या मते तो इथे जितका मोठा आहे, तितका हेक्टरला मारताना नव्हता. ब्रायसिसचे भाऊ मात्र यामुळे परत येत नाहीत, हेही विसरता येत नाही.

अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? प्रायम अकरा दिवस मागतो. बाराव्या दिवशी लढूच, लढावेच लागले तर. ट्रॉयमध्ये शेवटचा विलाप हेलनचा आहे. जिच्यामुळे हे सारे घडले ती परकी बाई हेक्टरचे शौर्य सांगत नाही. वीस वर्षांत त्याने मला लागेल असे कधी बोलले नाही, एवढेच सांगते. मग चिता, सोन्याच्या पेटीत अस्थी, वर दगडांची रास. ती रचताना चारी बाजूंना पहारेकरी बसवलेले असतात, ग्रीक मुदतीआधीच चाल करून आले तर म्हणून.