रिकामा रकाना

तुमकूर रस्त्यालगतच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, सीएनसी लेथ बनवणाऱ्या एका कारखान्यात निपाणीकडचा एक फिटर होता. शिक्षण आयटीआय. मशीनसोबत जाणारी सूचनापुस्तिका आपण लिहावी, हा त्याचा ध्यास. रात्री खोलीवर तो शब्दकोश शेजारी ठेवून जुनी मॅन्युअल वाचायचा, एकेक कृती सोप्या इंग्रजीत लिहायचा आणि सकाळी कुणातरी ट्रेनीच्या हातात द्यायचा. स्वतः गप्प उभा. पोरगं जिथं अडेल, तिथलं वाक्य रात्री बदलायचं. मला तरी अभ्यास म्हणतात तो हाच वाटतो. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकलेचे विद्यार्थी. यंत्रं तेही वाचून आणि हात काळे करूनच शिकले.

पुढे युरोपची ऑर्डर आली. तिथल्या नियमानुसार पुस्तिकेशिवाय मशीन पाठवताच येत नाही, म्हणून लेखकाची जागा निघाली. फिटरनं अर्ज केला. दुसरा उमेदवार पदवीधर, टेक्निकल रायटिंगचा डिप्लोमा झालेला. मुलगा मेहनती, त्याच्या पानावर मथळे, क्रमांक, आकृत्या जागच्या जागी.

मालक बेळगावचे. त्यांनी दोघांना चकचे जॉ, म्हणजे जॉब पकडणारे तीन जबडे, बदलण्याची कृती लिहायला लावली आणि नव्या ट्रेनीला बोलावलं.

डिप्लोमावाल्याच्या पानावर होतं, ‘जॉ बसवा, बोल्ट आवळा.’ पोरानं बसवले; दोन एका खाचेवर, तिसरा दोन खाचा पुढे. उमेदवार धावला, “अरे, तिन्ही एकाच खाचेवर हवेत ना!”

“बरोबर आहे,” मालक म्हणाले, “पण मशीन पोलंडला गेल्यावर हे सांगायला तुम्ही तिथं असाल का?”

फिटरच्या पानावर खाचा कुठून मोजायच्या तेही होतं. पण मेन स्विच बंद करायची सूचना तिसऱ्या ओळीत, आणि पोराचा हात पहिल्याच ओळीला चककडे गेला. फिटरनं त्याचं मनगट धरलं, स्विच पाडला. कोणी काही बोलायच्या आत पेन काढून ती ओळ सगळ्यात वर लिहिली आणि पान पुन्हा पोराच्या हातात दिलं. या वेळी जॉ नीट बसले.

“साहेब, यांच्या फॉर्मवर डिप्लोमाचा रकाना रिकामा आहे,” एचआरच्या मॅडम म्हणाल्या.

“असू दे. सोमवारी यांना स्पिंडलचं प्रकरण द्या. आणि त्या दुसऱ्यांना विचारा, सहा महिने शॉपवर उभं राहायची तयारी आहे का. असेल, तर त्यांनाही घेऊ.”