आधाराची देवघेव आणि आपला धम्म



धम्मदीक्षा घेऊन घरी परतलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो देवघराचा. दुसरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो, तो नात्यांचा. मुलगा, सून, नातवंडे यांनी त्रिसरण-पंचशील ग्रहण केले. पण म्हातारी आई आपल्या पत्र्याच्या पेटीत खंडोबाचा टाक फडक्यात गुंडाळून ठेवते. गावाकडचा चुलता निरोप धाडतो, "जत्रेला येणार नसाल तर आमच्या दारीही येऊ नका." मुलाला वाटते, प्रतिज्ञा तर मोडायची नाही. मग तो आईशी बोलणे कमी करतो, गावाशी संबंध तोडतो आणि यालाच धम्मनिष्ठा समजतो. अशी घरे आपण पाहिली आहेत. कदाचित ते तुमचेच घर असेल. म्हणून आज एका प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू. धम्म स्वीकारणाऱ्या माणसाने आधार कोणाला द्यावा? आणि जो आपल्या मताचा नाही, त्यालाही द्यावा काय?

एखादी गोष्ट परंपरेने चालत आली किंवा कोणी थोराने सांगितली, एवढ्यावरून ती मानू नका, अनुभवावर पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तेव्हा नात्यांविषयीही प्रथम अनुभव काय सांगतो ते पाहू.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आलमेडा नावाचा परगणा आहे. तेथील 6,928 प्रौढ स्त्री-पुरुषांची 1965 साली पाहणी झाली. कोणाचे लग्न झाले आहे, कोणाला नातलग व मित्र आहेत, कोण एखाद्या मंडळात वा प्रार्थनास्थळी जातो, हे लिहून घेतले. पुढे नऊ वर्षांत त्यांपैकी कोण मरण पावले याची नोंद ठेवली. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी 1979 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना माणसांचा आधार सर्वांत कमी होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण भरपूर आधार असणाऱ्यांपेक्षा पुरुषांत 2.3 पट आणि स्त्रियांत 2.8 पट आढळले. धूम्रपान, मद्यपान, आधीचे आजार यांचा हिशेब वेगळा काढूनही फरक उरलाच. आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना जोडीदार नव्हता, पण मित्र व नातलग पुष्कळ होते, त्यांचे आयुष्यमान जोडीदार असूनही इतरांशी फारसा संबंध न ठेवणाऱ्यांच्या बरोबरीचे होते. आपल्या वस्तीतील विधवा भगिनींच्या दृष्टीने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एक नाते तुटले तरी दुसरी नाती माणसाला तारतात.

हा एका परगण्यापुरता योगायोग नव्हता. 2010 साली जुलियन होल्ट-लन्स्टॅड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 148 अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसे होती. ज्यांची नाती भक्कम, त्यांची जगण्याची शक्यता इतरांहून सुमारे 50 टक्क्यांनी अधिक आढळली. याची कारणे गूढ नाहीत. ताप आला तर दवाखान्यात नेणारे कोणी असते. दारूच्या गुत्त्याकडे पाय वळला तर हात धरणारे कोणी असते. आणि चिंता वाटून घेतली गेली की शरीरावरचा तिचा भारही हलका होतो.

हा आधार म्हातारपणीच लागतो असे नाही. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यांतील पुष्कळ मुले दारिद्र्यात, भांडणाच्या आणि आजारपणाच्या घरात वाढली होती. तरी अशा मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सरळ, कर्तबगार, मायाळू माणसे झाली. त्यांच्या बालपणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. आई-बापाला जमले नाही तेथे आजी, मावशी, शिक्षक, शेजारी असे कोणीतरी एक माणूस त्या मुलामागे ठामपणे उभे होते.

हे वाचताना आपल्याला परमपूज्य बाबासाहेबांचे बालपण आठवल्यावाचून राहत नाही. आई भीमाबाई त्यांच्या लहानपणीच वारल्या. घर सांभाळले ते आत्या मीराबाईंनी. त्या शरीराने अपंग होत्या, पण भीमरावांवर त्यांची माया मोठी होती. वडील रामजी सुभेदार मुलाला पुस्तके घेण्यासाठी लग्न झालेल्या लेकीकडे जात, तिचा दागिना मागून आणून गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. पुढे केळुसकर गुरुजींनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. परदेशी शिक्षणाच्या काळात माता रमाईंनी अर्धपोटी राहून संसार रेटला. बाबासाहेबांची बुद्धी आणि कष्ट त्यांचे स्वतःचे होते. पण त्या बुद्धीखाली आत्याचे हात होते, बहिणीचा दागिना होता, पत्नीची उपासमार होती. हे विसरून आपण त्यांना एकटे उभे करू लागलो, तर त्या माणसांवर अन्याय होईल.

मग नाते म्हटले की ते धरूनच ठेवावे काय? नाही. येथेही अनुभव स्पष्ट आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात 42 जोडप्यांच्या हातावर बारीक जखमा करून त्या किती दिवसांत भरतात हे पाहिले गेले. 2005 साली त्याचा वृत्तांत आला. जी जोडपी एकमेकांशी वैरभावाने बोलत, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या 60 टक्केच होता. म्हणजे घरातले टोचून बोलणे अंगावरच्या जखमेपर्यंत पोचते. ज्या घरात नवरा पिऊन येतो आणि बायकोवर हात टाकतो, तेथे नाते आहे, आधार नाही. जी भावकी फक्त जातपंचायतीपुढे मान तुकवणाऱ्यालाच आपला म्हणते, तिचा आधार म्हणजे गळ्यातला दोर आहे. अशा ठिकाणी दूर होणे हा अधर्म नव्हे.

तर मग खरा आधार ओळखावा कसा? याचे उत्तर सिगालोवाद सुत्तात आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण ओल्या वस्त्रांनी, हात जोडून सहा दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी विचारले, हे कशासाठी? तो म्हणाला, मरताना वडिलांनी सांगितले म्हणून. बंधूंनो, येथे क्षणभर थांबा. तथागत त्याला हसले नाहीत. त्याच्या मेलेल्या बापाची निंदा केली नाही. त्याच्याबरोबर हातही जोडले नाहीत. त्यांनी त्या सहा दिशांनाच नवा अर्थ दिला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे शिक्षक, पश्चिम म्हणजे पत्नी, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे कामकरी माणसे आणि वरची दिशा म्हणजे श्रमण. प्रत्येकाशी वागण्याची कर्तव्ये सांगितली, आणि ती दोन्ही बाजूंनी सांगितली. मुलाने आईबापाला पोसावे, तसेच आईबापाने मुलाला शिकवावे. पत्नीने घर सांभाळावे, तसेच पतीने तिचा मान राखावा, घराची सत्ता तिच्या हाती द्यावी. चाकराने काम करावे, तसेच मालकाने त्याच्या शक्तीबाहेर काम देऊ नये, आजारात त्याची शुश्रूषा करावी. एकच बाजू सदा देते आणि दुसरी सदा घेते, असे नाते या सुत्तात नाही. हीच कसोटी.

तुम्ही विचाराल, स्वतःच स्वतःचा दीप व्हा, असेही तथागतांनीच सांगितले ना? मग दुसऱ्याचा आधार कशाला? याचे उत्तर असे की दिवा स्वतः जळतो हे खरे, पण वारा आला तर त्याला कोणीतरी तळहाताचा आडोसा धरावा लागतो. सन्मित्रांची संगत म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य होय, असे आनंद एकदा म्हणाला, तेव्हा अर्धे नव्हे, संपूर्ण होय, असे तथागतांनी त्याला सुधारले. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याजवळ जाईना, कारण त्याचा कोणाला उपयोग नव्हता. तेव्हा तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतले, खाटेवर निजवले. मग भिक्खूंना समज दिली की येथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? त्यांनी त्या आजाऱ्याला त्याचे मत विचारले नव्हते.

आधार देण्याने आपले काही कमी होते, हाही भ्रम आहे. डेट्रॉईट भागातील 423 वृद्ध जोडप्यांचा पाच वर्षे मागोवा घेऊन स्टेफनी ब्राऊन यांनी 2003 साली दाखवले की जे इतरांना मदत करीत होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी होते. नुसती मदत घेणाऱ्यांत असा लाभ दिसला नाही. म्हाताऱ्या माणसाला दोन घास देऊन कोपऱ्यात बसवणे पुरे नाही, असा याचा अर्थ मी घेतो. त्यालाही काही देऊ द्या. नातवाला गोष्ट सांगू द्या, भाजी निवडू द्या, सल्ला देऊ द्या.

आता त्या पेटीतल्या टाकाकडे वळू. तुम्ही त्याची पूजा करू नका. मुलांना तुमच्या प्रतिज्ञा समजावून सांगा. चुलत्याच्या जत्रेला जाऊ नका, पण त्याच्या आजारपणात जा. आईची पेटी तिच्या हातून हिसकावून नदीत टाकू नका. सहा दिशांना हात जोडणाऱ्या पोराशी तथागत जसे बोलले, तसे तिच्याशी बोला. तिच्या जवळ बसा, तिला औषध द्या, तिच्या मांडीवर नातू ठेवा. तिने ऐकले तर आनंद आहे. नाही ऐकले तरी ती आपली पूर्व दिशाच आहे. बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे, आणि त्या प्राणिमात्रांत आपल्या घरची म्हातारी येत नाही असे कोठेही लिहिलेले नाही.

आज संध्याकाळी वंदना आटोपली की तिच्याशी चार शब्द बोला. तेवढ्यापासून सुरुवात होईल.

जय भीम!