गणिताच्या पदवीतील सक्ती आणि निवड

गणिताच्या पदवी अभ्यासक्रमात कोणते विषय सर्वांनी शिकलेच पाहिजेत आणि कोणते ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडावेत, हा प्रश्न वरवर पाहता अभ्यासमंडळाने एखाद्या बैठकीत निकालात काढावा इतका साधा वाटतो. परंतु अशा प्रत्येक यादीच्या मुळाशी ज्ञानाविषयीचे दोन दावे असतात. काही ज्ञान इतर ज्ञानाच्या आधी यावे लागते, हा पहिला. आणि विद्यार्थ्याने मागितले नसतानाही ते त्याला शिकवण्याचा अधिकार संस्थेला आहे, हा दुसरा. पहिला दावा तर्काचा आहे, दुसरा नीतीचा, आणि दुसऱ्याचे समर्थन झालेच तर पहिल्याच्या बळावरच होऊ शकते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, म्हणजे अध्यापनाचे तास आणि अपेक्षित श्रम यांवरून ठरणारी अभ्यासाची तितकी एकके लागतात. त्यांपैकी ६० मुख्य विषयाची आणि २४ गौण विषयाची असतात, तर चार वर्षांच्या पदवीसाठी हेच आकडे १६०, ८० आणि ३२ असे होतात. मुख्य विषय गणित असेल तेव्हा कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, वास्तव संख्यांचे विश्लेषण आणि अमूर्त बीजगणित हे भाग सामान्यतः अनिवार्य ठरतात, आणि संख्या सिद्धांत, आलेख सिद्धांत, संख्यात्मक पद्धती यांसारखे विषय पुष्कळदा निवडीसाठी ठेवले जातात. आकड्यांची ही वाटणी उपयुक्त असली, तरी अनिवार्य भाग अनिवार्य का, याचे उत्तर तिच्यात नाही.

निवडीतील खरी अडचण प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात स्पष्टपणे मांडलेली आहे. जे ठाऊक आहे ते शोधावे लागत नाही, आणि जे ठाऊकच नाही ते समोर आले तरी ओळखता येत नाही; मग शोध घ्यायचा कशाचा, असा तो पेच आहे. अठराव्या वर्षी संस्थिती, म्हणजे आकार ताणला वा वाकवला तरी टिकून राहणाऱ्या गुणधर्मांचे शास्त्र, घ्यावी की संख्याशास्त्र घ्यावे हे ठरवणारा विद्यार्थी नेमका याच पेचात असतो, कारण ज्यांतून निवडायचे ते दोन्ही विषय त्याने पाहिलेलेच नसतात आणि त्याची पसंती बहुधा शाळेतील गुणांवर, घरातील सल्ल्यावर किंवा नोकरीच्या आशेवर उभी असते. त्याच संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला सांगतो. मुलगा बाजू दुप्पट करतो, क्षेत्रफळ चौपट होते, आपले उत्तर चुकल्याचे त्याला स्वतःलाच दिसते, आणि पुढे कर्णावर उभारलेला चौरस दाखवला गेल्यावर हवे ते क्षेत्रफळ तेच, हे तो स्वतःच मोजून सांगतो. येथे कोणते प्रश्न विचारायचे हे सर्वस्वी सॉक्रेटिस ठरवतो, पण उत्तर पटल्याशिवाय मुलाकडून स्वीकारले जात नाही. सक्तीच्या शिक्षणाचे समर्थनीय रूप एवढेच असू शकते.

एकोणिसाव्या शतकातील केंब्रिजने मात्र समर्थन अन्यत्र शोधले. तेथे १८२४ मध्ये अभिजात भाषांची स्वतंत्र मानाची परीक्षा सुरू झाली, तेव्हा तिला बसण्यासाठीसुद्धा आधी गणिताच्या ‘ट्रायपॉस’ परीक्षेत मानाचे स्थान मिळवावे लागत असे. तेथीलच अध्यापक विल्यम ह्युएल यांनी १८३५ मध्ये या व्यवस्थेची बाजू मांडताना गणित बुद्धीला शिस्त लावते असे प्रतिपादन केले, आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोचे तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी त्यावर कठोर टीका करताना असे म्हटले की गणितात केवळ अपरिहार्य अनुमाने असतात, तर व्यवहारातील निर्णय संभाव्यतेवर चालतात, म्हणून गणिताने घडलेली बुद्धी एकांगी होते. हा वाद गाजला, तरी दोन्ही पक्षांनी गणिताचे मोल गणिताबाहेरच्या फळावर तोलले, आणि तसे तोलले की अधिक चांगले फळ देणारा दुसरा विषय पुढे करता येतोच. गणिताच्या पदवीतील सक्ती गणिताच्या स्वरूपातूनच सिद्ध व्हायला हवी.

तिचा आधार प्लेटोच्याच ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात मिळतो. विसाव्या वर्षापासून दहा वर्षे गणिती विद्यांसाठी राखून ठेवणारा हा ग्रंथ त्याच भागात मुलांना सक्तीने शिकवू नये असेही सांगतो, कारण बळाने घातलेले ज्ञान मनात टिकत नाही. आणि बालपणी सुटेसुटे शिकलेले विषय पुढे एकत्र आणून त्यांचे परस्परांशी असलेले नाते पाहता येणे ही तो तत्त्वचिंतनाची कसोटी मानतो. पदवीच्या गणितात हे नाते अगदी प्रत्यक्ष दिसते. दुसऱ्या कोटीच्या एकघाती समघात विकलक समीकरणाच्या दोन उकलींची बेरीज ही पुन्हा उकलच असते, स्थिर संख्येने गुणलेली उकलही उकलच राहते, आणि समीकरण सुस्थितीत असेल तर सर्व उकली मिळून दोन मितींचा सदिश अवकाश होतो. म्हणजे अशाच समीकरणाने मांडला जाणारा स्प्रिंगला टांगलेल्या वजनाच्या कंपनाचा प्रश्न आणि रेषीय बीजगणितातील पायाची कल्पना ही एकच गोष्ट ठरते. ज्याने यांपैकी एकच विषय घेतला त्याला हे कळणार नाही, आणि आपल्याला काय कळले नाही हेही कळणार नाही.

विश्लेषणाची सक्तीही अशाच कारणाने न्याय्य आहे. कोशीसारख्या थोर गणितज्ञाने १८२१ च्या आपल्या ग्रंथात संतत फलांच्या अभिसारी मालेची बेरीज संततच असते असे विधान केले, आणि १८२६ मध्ये आबेल या गणितज्ञाने त्याला अपवाद दाखवला. मालेचे अभिसरण सर्व बिंदूंवर एकसारख्या वेगाने होते की नाही, हा भेद पुढे करावा लागला. जेथे कोशीची अंतर्दृष्टी अपुरी पडली, तेथे सिद्धतेची शिस्त विद्यार्थ्याने टाळावी असे म्हणता येत नाही.

तरीही पूर्वअटींची यादी सवयीने फुगते, आणि या बाबतीत वेदान्तातील एक जुना वाद मार्गदर्शक आहे. ब्रह्मसूत्राच्या पहिल्याच सूत्रावर भाष्य करताना शंकराचार्यांनी ब्रह्मजिज्ञासेच्या आधी काय हवे हा प्रश्न घेतला, आणि धर्मजिज्ञासा, म्हणजे कर्मकांडाचा विचार, ही आवश्यक पूर्वअट नाकारून विवेक, वैराग्य, शमदमादी गुण आणि मुमुक्षुत्व ही साधने पुरेशी ठरवली. रामानुजाचार्यांनी उलट दोन्ही मीमांसा, म्हणजे कर्माचा विचार आणि ब्रह्माचा विचार, मिळून एकच शास्त्र मानले आणि कर्मविचार आधी ठेवला. कोणाचेही मत स्वीकारले तरी कसोटी तीच उरते, की पुढील जिज्ञासा या अटीवाचून खरोखर अडते काय. वास्तव विश्लेषणावाचून संमिश्र विश्लेषण अडते. विकलक समीकरणांवाचून आलेख सिद्धांताचा आरंभ मात्र अडत नाही, आणि तेथे अट घालणे ही केवळ रूढी होय. याच परंपरेने ज्ञानाचा अधिकार जन्माशी बांधून शूद्रांना वगळले, हा तिचा गंभीर दोष आहे, कारण ज्ञानाची अट अशीच असली पाहिजे की जी कोणालाही प्रयत्नाने पूर्ण करता येईल.

या शेवटच्या निकषावर आजचे अनेक वर्ग कमी पडतात. केंब्रिजमध्ये आज पहिले वर्ष बहुतांशी सर्वांना समान असते, दुसऱ्या वर्षी निवड सुरू होते आणि तिसऱ्या वर्षी विद्यार्थी विस्तृत यादीतून आपले विषय घेतो. हा क्रम तत्त्वतः योग्य आहे, परंतु पहिल्या वर्षाच्या अध्यापनात विद्यार्थ्याच्या हातून सिद्धता लिहून घेतल्या गेल्या आणि त्या तपासून परत दिल्या गेल्या तरच तो फळतो. मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेली जी विद्यार्थिनी सीमेची व्याख्या प्रथमच आणि तीही इंग्रजीत वाचते, तिच्यावर विश्लेषण अनिवार्य करणाऱ्या महाविद्यालयाने त्या व्याख्येतील ‘प्रत्येक’ आणि ‘किमान एक’ यांचा क्रम बदलला की अर्थ कसा बदलतो हे तिच्या भाषेत समजावण्यासाठी वेळापत्रकात तास राखून ठेवणे हे त्याचे कर्तव्य ठरते.