हिमाचे दप्तर आणि भाताचे खाचर

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील माणसाला पावसाविषयी काही सांगू पाहणाऱ्याने आधी आपला अधिकार तपासून घ्यावा. राजमाचीच्या बाजूने उतरणारी उल्हास, खोपोलीहून वाहत जाणारी पाताळगंगा, माथेरानला अडून आषाढभर कोसळणारे मेघ, हे सारे ज्याने लहानपणापासून अंगावर घेतले आहे, त्याला पर्जन्यशास्त्राचे पाठ देण्याचे प्रयोजन नाही. टाटांनी याच घाटमाथ्यावरचे पाणी अडवून १९१५ साली खोपोलीस आणि १९२२ साली भिवपुरीस वीज निर्माण केली. म्हणजे उद्योगाच्या जमाखर्चातही इथला पाऊस शंभराहून अधिक वर्षे जमेच्या बाजूस लिहिला जात आहे. अशा मुलखात, उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावरील बर्फ आटत चालला आहे आणि काही माणसे आपले सारे आयुष्य त्या बर्फाची मोजदाद करण्यात घालवितात, हे वर्तमान घेऊन कोणी आला, तर आमच्या दारातला चिखल आधी मोजा, असे त्याला ऐकावे लागणे स्वाभाविक आहे. या उत्तरात तथ्य आहे. परंतु तो माणूस नेमके काय मोजतो आणि किती सांगण्याचे धारिष्ट करतो, हे पाहिल्यावाचून त्याला वाटेस लावणे मला न्यायाचे वाटत नाही.

दूरच्या हिमाचा आपल्या पावसाशी संबंध असावा, ही कल्पना नवी नव्हे. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळानंतर सरकारला पावसाच्या भाकिताची निकड भासू लागली, तेव्हा हवामानखात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली असे मांडले, की हिमालयात बर्फ अधिक पडला तर पुढचा पावसाळा दुबळा जातो. पुढे शंभर वर्षांनी, १९८८ साली, पुण्याच्या वसंत गोवारीकरांनी आपल्या सहकाऱ्यांसह सोळा घटकांचे जे सूत्र बसविले, त्यातही हिमालयावरील आणि युरेशियावरील बर्फाला स्थान होते. ते सूत्र बरीच वर्षे चालले. पण २००२ साली पाऊस सरासरीच्या पाचव्या हिश्श्याने तुटला, त्याची पूर्वसूचना त्यातून मिळाली नाही, आणि खात्याला नवी पद्धत स्वीकारावी लागली. संबंध आढळणे निराळे आणि तो पुढील वर्षी आपली हमी पाळील हे निराळे, हा धडा या शास्त्राला इतक्या महागात मिळालेला आहे, की आजचा हिमसंशोधक बोलताना चाचरतो त्याचे मला नवल वाटत नाही.

मराठी माणसाला ध्रुवाचे वावडे कधीच नव्हते, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. लोकमान्यांनी १९०३ साली आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात असल्याचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. विद्वानांनी तो स्वीकारला नाही, पण वेदांतील दीर्घ उषेची वर्णने आणि भूगर्भशास्त्रातील हिमयुगे एकाच बैठकीत तोलण्याची ती झेप सामान्य नव्हती. पुढे डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली. नागपुरात जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या डॉ. अदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत, सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासमवेत, त्या खंडावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ ठरल्या.

वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र हे या अभ्यासाचे आपल्याकडील मुख्य ठाणे होय. ध्रुवीय संशोधक म्हटला की फरच्या टोपीतला, दाढीवर हिमकण साचलेला पुरुष डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात त्याच्या आयुष्यातील बहुतेक दिवस नारळीच्या सावलीतल्या कचेरीत, आकड्यांच्या रकान्यांपुढे जातात. ऑक्टोबर १९७८ मध्ये निंबस-७ हा उपग्रह आकाशात गेला. त्यावरील यंत्र सागरातून आणि हिमातून निघणारे सूक्ष्मतरंग टिपत असे, त्यामुळे ध्रुवाची सहा महिन्यांची रात्र असो वा दाट अभ्रे असोत, नोंद खंडित होण्याचे कारण उरले नाही. समुद्राचे सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडायचे, ज्या चौकोनात किमान पंधरा टक्के बर्फ असेल तो हिमाच्छादित धरायचा, आणि सर्वांची बेरीज करायची, असा शिरस्ता ठरला. ऐकायला हे तलाठ्याच्या पीकपाहणीइतके सोपे वाटते. पण उपग्रह म्हातारे होतात, त्यांच्या जागी नवे येतात, आणि नव्याची नजर जुन्याहून किंचित वेगळी असते. तेव्हा दोघे एकाच वेळी आकाशात असताना त्यांचे आकडे शेजारी ठेवून, फरक काढून, तो मागील सर्व वर्षांच्या हिशेबात वळता करावा लागतो. या कामाला कीर्ती नाही. त्यात चूक राहिली तर मात्र यंत्र बदलल्याचा परिणाम बर्फ वितळल्याचा पुरावा म्हणून जगापुढे जाईल.

या दप्तरातून निघालेले आकडे असे. उन्हाळ्याअखेर, सप्टेंबरात, उत्तर ध्रुवाभोवती उरणारा बर्फ दर दशकास सुमारे बारा टक्क्यांनी घटत आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये तो जेमतेम ३४ लाख चौरस किलोमीटर उरला. चार वर्षांहून जुना, जाड बर्फ १९८५ च्या सुमारास एकूण हिमाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होता, तो आज विसाव्या हिश्श्याइतकाही नाही. हिमाच्छादित पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग परत फेकतो, उघडा समुद्र जवळजवळ सारा गिळतो. म्हणून एकदा पाणी उघडे पडले की तेच पाणी तापून उरलेल्या बर्फाच्या मुळावर येते.

दक्षिण ध्रुवाने मात्र या माणसांची चांगलीच परीक्षा घेतली. तेथील सागरी बर्फ अनेक वर्षे घटण्याऐवजी किंचित वाढत होता आणि सप्टेंबर २०१४ मध्ये तर दोन कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला. गैरसोयीचा पुरावा दडवून ठेवण्याचा मोह ज्याला झाला असता, त्याला ती उत्तम संधी होती. पण नोंद जशी होती तशीच प्रसिद्ध होत राहिली, तिच्यावर वाद झाले, आणि २०१६ पासून तोच बर्फ एकाएकी ओसरू लागला, तेव्हा कारणांविषयी पुन्हा वाद झाले. ते अद्याप मिटलेले नाहीत. या शास्त्रावरचा माझा विश्वास त्याच्या भाकितांपेक्षा या वागणुकीमुळे अधिक दृढ झाला आहे.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, ७९ अंश अक्षांशाच्या अलीकडे, २००८ साली भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र उघडले. त्याच्या समोरच्या कोंग्सफ्योर्डन या चिंचोळ्या खाडीत २०१४ साली ‘इंडार्क’ नावाची वेधशाळा सुमारे १९० मीटर खोल पाण्यात नांगरून ठेवण्यात आली. दोरावर ओवलेली तिची यंत्रे पाण्याचे तापमान, क्षारता आणि प्रवाह वर्षभर नोंदवितात. अटलांटिकचे उबदार पाणी आत शिरू लागल्यापासून ती खाडी हिवाळ्यातही पूर्वीसारखी गोठत नाही.

आता कर्जतच्या माणसाचा मूळ प्रश्न: त्या बर्फाचा आमच्या दारातल्या चिखलाशी संबंध काय? सौरव चॅटर्जी, मुथलगु रविचंद्रन, नुन्सिओ मुरुकेश आणि त्यांचे नॉर्वेतील सहकारी यांनी २०२१ साली एक संभाव्य संबंध मांडला: सायबेरियाच्या उत्तरेस असलेल्या कारा समुद्रावर उन्हाळ्यात बर्फ कमी राहिला, तर उघडे पाणी वरच्या हवेला उष्णता देते, वातावरणाच्या उंच थरांत लाटांची साखळी उठून आशियाकडे पसरते, आणि त्याच वेळी अरबी समुद्र उबदार असला, तर मध्य भारतात पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे सप्टेंबरात, अतिवृष्टी होण्याचा संभव वाढतो. हे अनुमान मध्य भारताविषयी आहे. ते जसेच्या तसे सह्याद्रीच्या पायथ्याशी आणून ठेवता येणार नाही. पण सप्टेंबर हे नाव ऐकताच येथला शेतकरी कान टवकारील. हळवे भात त्या सुमारास लोंबीवर येऊन पिवळे पडू लागते. तेव्हा चार दिवस झड लागली तर पीक आडवे होते, लोंबी पाण्यात बुडते, दाण्याला जागच्या जागी मोड फुटतो, आणि पेंढाही काळा पडून जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत. मग तलाठी पंचनाम्यास येतो. त्या पंचनाम्यात कारण म्हणून ‘अवकाळी’ किंवा ‘परतीचा पाऊस’ एवढेच लिहिले जाते, आणि तेवढेच लिहिणे रास्त आहे.

याहून अधिक लिहिण्याचा मोह किती प्रबळ असतो, याचे उदाहरण खालापुरातच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाच्या त्या वस्तीतील २७ जणांचे मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. त्याच दिवसांत दक्षिण ध्रुवाभोवतीचा हिवाळी बर्फ उपग्रहांच्या साऱ्या नोंदीत कधी नव्हता इतका कमी होता. दोन्ही गोष्टी एका वाक्यात गुंफून टाळी मिळविणे अवघड नाही, आणि ती मिळविणारे वक्ते त्या वर्षी निघालेही असतील. पण दरड का कोसळली याचा शोध त्या उताराची माती, खडकातील भेगा, त्या दिवसांत मुरलेले पाणी आणि ती वस्ती तेथेच का राहिली याची कागदपत्रे यांत घ्यावयाचा आहे. ध्रुवावर ठपका ठेवला की मामलेदार कचेरीपासून मंत्रालयापर्यंत सर्वांचीच सुटका होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या नोंदीतून दशकामागे एक आकडा काढणारा संशोधक अशा सुटकेला साक्षीदार म्हणून उभा राहणार नाही.

मग त्याचा या खाचराला उपयोग काय? कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात भाताचे वाण निपजविणाऱ्यांना हा प्रश्न अनोळखी नाही, कारण एक वाण सिद्ध होण्यास दहा-बारा वर्षे सहज लागतात, आणि आज संकर करणाऱ्याला तितक्या वर्षांनंतरच्या सप्टेंबराची धारणा मनाशी बांधावीच लागते. पावसाळ्याची अखेर अधिक बेभरवशाची होणार असेल, तर लवकर निघणारा वाण हवा की उशिरा पिकणारा, बुटका आणि ताठ उभा राहणारा हवा की भरपूर पेंढा देणारा, हे निर्णय त्या धारणेवर अवलंबून आहेत. शेतकऱ्यापुढे ही धारणा मांडताना तिच्यातील ‘कदाचित’ गाळून टाकण्याची आपल्या विस्तारखात्यांची सवय मला नापसंत आहे; कदाचितच्या आधारे व्यवहार करणे ज्याला जमत नाही, तो कोकणात भातशेती करूच शकला नसता. येथला जुना कुणबी माळाच्या उथळ जमिनीत हळवे लावतो, मधल्या खाचरांत निमगरवे, आणि पाणी धरणाऱ्या सखल तुकड्यात गरवे. अर्धा हंगाम बुडाला तरी घरात कणगी रिकामी राहू नये, एवढी तजवीज त्याने लावणीच्या वेळीच करून ठेवलेली असते.