सल्ला न ऐकणारा राजा
(सामान्य काळातील तेविसावा रविवार, लूक १४:२५-३३)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्यापुढे दोन माणसे उभी करतो. एक बुरूज बांधायला निघाला आहे, दुसरा लढाईला. पहिल्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू सांगतो. दुसऱ्यानेही आधी बसावे. आपल्या दहा हजारांनिशी समोरच्या वीस हजारांना तोंड देता येईल का, याचा विचार करावा. आणि देता येत नसेल तर शत्रू दूर आहे तोवरच दूत पाठवून तहाची बोलणी करावीत. दोघांनाही प्रभू एकच गोष्ट सांगतो: आधी बसा. जो बसतो तो चार जाणत्यांना जवळ बसवतो. ज्याला बसवतच नाही, त्याला सांगणार कोण?

जुन्या करारात अहाब राजाची गोष्ट आहे (१ राजे २२). रामोथ-गिलाद घ्यायचे त्याने मनाशी ठरवूनच टाकले होते. सुमारे चारशे संदेष्टे एका सुरात म्हणाले, जा, जय तुमचाच. एकटा मीखाया म्हणाला की या लढाईत इस्राएलची दाणादाण होईल. राजाने त्याला तुरुंगात टाकले, कारण हा माणूस आपल्याविषयी कधी चांगले बोलतच नाही, असा त्याचा राग होता. पुढे राजा वेष पालटून रणात गेला, पण कुणीतरी सहज सोडलेला बाण त्याच्या चिलखताच्या सांध्यात शिरला आणि संध्याकाळपर्यंत तो रथातच मेला.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीत हेच घडले आहे. १६८१ साली बादशहा औरंगजेब दक्षिणेत उतरला, तेव्हा त्याच्याइतके सैन्य आणि खजिना हिंदुस्थानात दुसऱ्या कोणाजवळ नव्हता. १६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा. १६८९ मध्ये त्याने छत्रपती संभाजी महाराजांना हाल करून ठार मारले आणि रायगडही घेतला. युद्ध संपले, असे त्याला वाटले. प्रत्यक्षात ते पुढे अठरा वर्षे चालले आणि त्यात तो हरला.

तो का हरला, हे समजण्यासाठी त्याच्या मनात डोकवावे लागते. बापाला कैदेत टाकून आणि भावांचा काटा काढून तो तख्तावर बसला होता. जे आपण बापाशी केले तेच आपली मुले आपल्याशी करतील, ही धास्ती त्याला जन्मभर सुटली नाही. मुलगा अकबर याने १६८१ मध्ये बंड केलेही. थोरल्या मुअज्जमने गोवळकोंड्याशी समेटाची खटपट केली, तर बापाने त्याला मुलांसकट सुमारे आठ वर्षे नजरकैदेत ठेवले. धाकटा कामबक्षही जिंजीच्या वेढ्यात संशयावरून पकडला गेला.

सांगणारी माणसे त्याच्याजवळ नव्हती असे नाही. त्याचाच मुख्य काझी शेख-उल-इस्लाम याने दक्षिणेतल्या सुलतानांवरील स्वारी धर्माला धरून नाही, असे तोंडावर सांगितले आणि पद सोडले. दोन राज्ये जिंकल्यावर वजीर असदखान याने आता उत्तरेला परत फिरावे, असे सुचवले. बादशहाने त्याला झिडकारले. म्हणून आम्ही हे कोणत्याही धर्माविरुद्ध सांगत नाही. त्याला अडवू पाहणारेही त्याच्याच धर्माचे होते. दोष होता तो कोणाचेही न ऐकणाऱ्या मनाचा.

सत्य सांगणारा गप्प झाला की राजाला खरे कळेनासे होते. राजाला मारले म्हणजे राज्य मेले, असा औरंगजेबाचा हिशेब होता. पण राजाराम महाराज जिंजीला जाऊन लढले. तो किल्ला घ्यायला मोगलांना १६९० ते १६९८ इतकी वर्षे लागली. १७०० मध्ये राजाराम महाराज वारले, तेव्हा अवघ्या पंचविशीतल्या विधवा ताराबाईंनी कारभार हाती घेतला. बादशहा स्वतः ऐंशी ओलांडलेला असताना साताऱ्यापासून एकेक किल्ला वेढत फिरला. कित्येक किल्ले त्याने पैसे मोजून ताब्यात घेतले. त्याची पाठ वळताच मराठ्यांनी ते एकेक करून परत मिळवले. भर पावसाळ्यात विशाळगडाहून परतताना ओढ्या-नाल्यांत त्याची माणसे आणि जनावरे वाहून गेली. तिकडे १७०३ मध्ये नेमाजी शिंदे आपल्या वऱ्हाडात शिरले, मोगलांचा नायब सुभेदार रुस्तमखान याला त्यांनी पकडले आणि नर्मदा ओलांडून ते माळव्यात गेले. बादशहा मात्र किल्लेच मोजत बसला होता.

१७०७ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, तो वारला. शेवटच्या दिवसांत मुलांना पाठवलेल्या पत्रांत त्याने आयुष्य वाया गेल्याची आणि आपण एकटेच चाललो असल्याची खंत व्यक्त केली. तो गेल्यावर मुले एकमेकांवर तुटून पडली. आझम त्याच वर्षी, कामबक्ष १७०९ मध्ये मारला गेला. लाखोंची छावणी बाळगणाऱ्याची खुलताबादेतली कबर साधी आणि उघडी आहे.

विसाव्या शतकातही हेच दिसले. स्टालिनग्राडला वेढ्यात सापडलेल्या सैन्याला हिटलरने मागे हटू दिले नाही. मागे फिरू द्या म्हणणाऱ्या सेनापतींचे त्याने ऐकले नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये उरलेसुरले उपाशी, गारठलेले सैनिक शरण गेले. ‘माझी चूक होऊ शकत नाही’ असे एक माणूस म्हणतो, तेव्हा त्याची किंमत दुसऱ्यांची लेकरे मोजतात.

बंधू-भगिनींनो, आपण काही बादशहा नाही. पण छोटे तख्त प्रत्येकाच्या घरात असते. एक गोष्ट आम्ही स्वतःविषयीच सांगतो. पूर्वी एका गावी सेवेत असताना आम्ही आवाराची भिंत बांधायला घेतली. एक म्हातारे मिस्त्री म्हणाले, “फादर, काळी माती आहे, पाया मुरमापर्यंत न्या, नाहीतर पावसाळ्यात भिंत फाटंल.” आम्हाला नाताळाच्या आत काम उरकायचे होते आणि पैसा कमी होता. आम्ही त्यांना चार लोकांसमोर तोडून बोललो. पुढच्या पावसाळ्यात भिंत फाटली. पण त्याहून वाईट हे झाले की नंतर दोन वर्षे त्या गावात आम्हाला कोणी काही सांगायलाच आले नाही. सगळे ‘हो फादर’ म्हणत होते आणि आम्ही त्यालाच मान समजत होतो.

आपल्या शेलूबाजारच्या घरांतही हे चालते. घरधनी कर्ज काढतो आणि बायकोला ते सावकार दारात आल्यावर कळते. मुलीचे लग्न ठरते, पण तिला कोणी विचारत नाही. बांधावरून भाऊ भावाशी कोर्टात भांडतो, वकिलाची फी जमिनीच्या किमतीएवढी होते, आणि ‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्या आईलाच गप्प बसवले जाते. शत्रू दूर असतानाच तह करा, असे प्रभू म्हणतो. इथे तर शत्रू म्हणजे सख्खा भाऊ आहे.

आजच्या शुभवर्तमानाच्या शेवटी प्रभू सांगतो की आपले सर्व सोडल्याशिवाय कोणी माझा शिष्य होऊ शकत नाही. शेत, पैसा सोडणे कठीण आहेच. त्याहून कठीण आहे ‘माझेच खरे’ हे सोडणे. गेथशेमानी बागेत खुद्द देवाच्या पुत्राने आपली इच्छा पित्याच्या हाती दिली. मग आपली इच्छा ती किती मोठी?

या आठवड्यात प्रत्येकाने एक करावे. ज्याचे बोलणे आपण तोडले, ती पत्नी, तो मुलगा, ती सून किंवा तो भाऊ यांच्याजवळ जाऊन बसावे आणि म्हणावे, “त्या दिवशी तू काय सांगत होतास, ते पुन्हा सांग.” मधे बोलू नये. आणि आम्हालाही मिस्सा झाल्यावर काही सांगायचे असेल तर अवश्य थांबा. आम्ही ऐकू.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आम्हाला ऐकणारे कान आणि नम्र अंतःकरण दे. जे आम्हाला खरे सांगतात त्यांच्यावर रागावण्यापासून आम्हाला राख. आमच्या हट्टाची किंमत आमच्या लेकरांना मोजावी लागू नये. आमेन.