केसपेपरवर प्रश्न कुठे आहेत?

बसा सगळे. आज ओपीडीतले एंडोमेट्रिओसिसचे केसपेपर मी स्वतः वाचले आहेत, त्यामुळे सारवासारव करू नका.

या 22 वर्षांच्या मुलीला पहिल्याच भेटीत ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन का लिहिलंत? 'मॅडम, ते जास्त स्ट्राँग आहे.' कशावरून? 2010 साली डायनोजेस्टची रोजची 2 मिलिग्रॅमची गोळी आणि ल्युप्रोलाइड यांची 24 आठवड्यांची थेट तुलना प्रसिद्ध झाली. दुखणं कमी करण्यात गोळी इंजेक्शनच्या मागे राहिली नाही. हाडांची घनता घटली ती इंजेक्शनवाल्या बायकांची, अंगातून वाफाही त्यांनाच जास्त आल्या. बाविशीत हाडं अजून भरत असतात. तिथे एकदम पाळी गेलेल्या बाईइतकं इस्ट्रोजेन खाली आणायचं, आणि सोबत अ‍ॅड-बॅक, म्हणजे हाडं जपायला थोडी हार्मोन्स, लिहायचंही नाही? सुरुवातीचे आठवडाभर ते पंधरा दिवस दुखणं उलट वाढू शकतं, हे तिला कोणी सांगितलं? रात्री कळवळून उठली की ती समजेल, औषधच चुकलं.

मी इंजेक्शनच्या विरोधात नाही. गोळ्यांनी भागत नाही तेव्हा ते द्यायचंच, पण हाडांचा विचार करून.

आता दुसरा पेपर, आणि इथे मला खरोखर राग आला. बाई सांगते की डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्या रेघा येतात आणि मग अर्धं डोकं ठणकतं. ही ऑरासहित मायग्रेन आहे. हे तुमच्याच अक्षरात लिहिलेलं आहे आणि त्याच्या खाली इस्ट्रोजेन असलेली एकत्रित गोळी! पक्षाघाताचा धोका वाढतो हे दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला मी सांगायचं? तिला नुसत्या प्रोजेस्टोजेनचा मार्ग मोकळा होता: डायनोजेस्ट किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेलची कॉपर नसलेली कॉइल.

तिसरीला मूल हवं आहे. तिला तीन महिने डायनोजेस्ट दिलंत, म्हणजे तीन महिने तिचं बीजच रोखलंत. गर्भ राहावा म्हणून अंडाशय दाबणारी हार्मोन्स देऊ नका, असं ESHRE या युरोपीय प्रजनन-वैद्यक संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट बजावतात. वय वाढत चाललेल्या बाईचे तीन महिने कोण परत देणार?

तुम्ही सगळे एकच विचारत बसता, कुठलं औषध भारी. ब्रिटनमधल्या प्रि-एम्प्ट चाचणीत शस्त्रक्रियेनंतर काहींना कॉइल किंवा तीन महिन्यांचं प्रोजेस्टोजेन इंजेक्शन दिलं, काहींना एकत्रित गोळी. तीन वर्षांनी दुखण्यात फरक दिसला नाही. दुखण्यावर औषधं इतकी जवळजवळ असतील, तर निवड ठरते ती बाईवरून: मूल कधी हवंय, डोकं दुखतं का, मधेमधे रक्त गेलेलं चालेल का, मन उदास राहतं का, दरमहा गोळी परवडते का. बाईनं आपणहून सांगितलेलं सोडलं, तर यातला एकही प्रश्न तिन्ही पेपरांवर नाही. आणि डॅनॅझॉल हे जुनं हार्मोनचं औषध तर डोक्यातून काढूनच टाका. आवाज एकदा घोगरा झाला की तो परत येईलच असं नाही.

आणि हार्मोन्स रोग दाबतात, मिटवत नाहीत. बंद केल्यावर दुखणं परतू शकतं, हे प्रत्येकीला सांगायचं.

तिघींनाही परत बोलवा. मायग्रेनच्या बाईंना मात्र आत्ता, माझ्यासमोर फोन लावा आणि ती गोळी थांबवायला सांगा.